ज्याचा फाउल, त्याचा हात

सर, परवा एका विद्यार्थ्यानं मला मोबाइलवर बास्केटबॉलच्या खेळाडूंचे आकडे दाखवले. कोण किती मिनिटं खेळला, किती बास्केट टाकले, किती चेंडू घालवले, आणि या सगळ्यातून काढलेली त्याची कार्यक्षमता. पोरगं मोठ्या हुशारीनं समजावत होतं आणि मला तुमच्या सांगलीच्या खोलीतला स्टोव्ह आठवत होता. फौजेतून येऊन कॉलेजच्या टीमला बास्केटबॉल शिकवणारे तुम्ही. घरची माणसं वाईला, सांगलीत एकटेच राहायचात. रविवारी सकाळचा सराव संपला की अख्खी टीम घरी आणून स्वतः अंडी उकडायचात. प्रत्येकाला दोन. जतकडचा तो उंच गडी दाराशी उकिडवा बसून इतक्या जपून टरफल सोलायचा, की तुम्ही ओरडायचात, "आरं खा की लेका! अंडं हाय, बॉम्ब न्हाई!" तो लाजून हसायचा आणि आणखी हळू सोलायचा.

मी खेळाडू नव्हतोच. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि अक्षर बरं म्हणून तुम्ही मला टेबलावर स्कोअर लिहायला बसवलंत. तिथं मला शिंगं फुटली. वहीत मी जादा रकाने आखले. गुण, रिबाउंड, पास हे अधिक. चुकलेले शॉट, घालवलेले चेंडू, फाउल हे उणे. त्याला मिनिटांनी भागायचं. सगळ्यात वर कॅप्टन निघाला आणि सगळ्यात खाली जतकडचा तो, शून्याच्याही खाली, कारण त्याच्या नावावर फाउलच फाउल. साताऱ्याच्या विभागीय स्पर्धेसाठी संघातून एकाला वगळायचं होतं. जो वगळला जाईल त्याची होस्टेलची खोलीही जाणार होती, कारण खोली खेळाडू म्हणून मिळालेली. मेंढरं राखणाऱ्या घरातून कॉलेजात आलेला तो पहिलाच. खोली गेली की शिक्षण गेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी वही काखोटीला मारून मी तुमच्याकडे आलो.

"त्यो हुबा असला की म्होरचा उंच गडी रिंगखाली येतोय का?" तुम्ही विचारलंत. "ते लिव की कुटंतरी."

"सर, जे घडलंच नाही ते लिहायचं कसं?"

"मग तुजी वही अर्धी हाय. मानूस काय करतोय ते बघतोस, काय हू देत न्हाई ते कवा बघणार?"

मी हसलो. दीडशहाणा माणूस हसतो तसा. सर, मायेनं सामने जिंकता येत नाहीत, असंही म्हणालो. तुम्ही चिडला नाहीत. स्टोव्ह बारीक केलात आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "पर येवडे फाउल ह्येचे कसे रं? दांडगाई करणारं पोरगं न्हाई ते. तू टेबलावर असतोस. तुला काय दिसलं?"

"वहीत आहे तेच," मी म्हणालो.

मला काय दिसलं होतं ते आता लिहितो. शिट्टी वाजली की ज्याचा फाउल त्यानं स्वतः हात वर करायचा, असा तेव्हा दंडक होता. "चूक झाली तर हात वर, मान खाली न्हाई," हे तुम्हीच पोरांना शिकवलेलं. आपल्याकडचे पंचही बरेचदा हात बघूनच नंबर सांगायचे. इस्लामपूरच्या सामन्यात कॅप्टन समोरच्याच्या मनगटावर फटका मारतो. शिट्टी वाजते. कॅप्टनचे चार फाउल झालेले आहेत, पाचव्याला तो बाहेर जाणार. तो नुसता मागे वळून बघतो, आणि दोन हात लांब उभा असलेला जतकडचा तो आपला हात वर करतो. मी बघतो, मान खाली घालतो आणि त्याच्या नावापुढे फाउल लिहितो. असं एकदा नाही, किती वेळा झालं ते मीच मोजलं नाही. रोज संध्याकाळी मी कॅप्टनच्या स्कूटरवर मागे बसून घरी जात असे. म्हणून मूग गिळून बसलो, दुसरं काही कारण नाही.

पुढे माझी वही जिमखान्याच्या बैठकीत गेली. तुम्ही तिथे त्याच्यासाठी भांडलात, हे मला शिपायानं सांगितलं. आकड्यांपुढे तुमचं काही चाललं नाही. तो पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी.त बसला आणि परत आला नाही. साताऱ्याला पहिल्याच सामन्यात समोरचे उंच गडी आपल्या रिंगखाली घरच्यासारखे फिरले, आणि दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच कॅप्टन पाच फाउल होऊन बाहेर बसला. तुम्ही एकदाच वळून टेबलाकडे बघितलंत. त्यानंतर मला रविवारचं बोलावणं आलं नाही, आणि मलाही ते विचारायची हिंमत झाली नाही.

काही वर्षांनी तुम्ही गेलात. दहाव्याला मी वाईच्या घाटावर आलो, तर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला तो पायऱ्यांवर उभा. जतहून दोन एस.टी. बदलून आलेला. एके काळी मला अरेतुरे करणारा, आता अहोजाहो करत होता. मेंढरांबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला, आणि मग एकदम म्हणाला, "सरांनी मला काढलं का वो? माजं काय चुकलं हुतं? तुमी टेबलावर हुता, तुमास्नी म्हाईत आसंल."

मी म्हणालो, "सरांच्या मनात काय होतं ते सरांनाच माहीत."

त्यानं मान हलवली. "व्हय. जाणती मानसं ती. कायतरी कमी बगितलंच आसंल त्येनी माज्यात."

तुमच्याच दहाव्याला, सर, मी माझं पाप तुमच्या अंगावर घातलं, आणि ते खरं मानून तो माणूस ओल्या पायऱ्या चढून एस.टी. स्टँडकडे निघून गेला. मी हाक मारली नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. खरं तर ते त्याला जायला हवं. त्याचं गाव मला ठाऊक आहे, तिथं पोस्टही आहे. तुम्हाला लिहिलं ते एवढ्याचसाठी, की तुम्ही ते वाचणार नाही.