फिल्म धुवायचं पाणी

दादा, तुमच्या छातीची एक्स-रे फिल्म अजून माझ्या कपाटात आहे, आणि आज दुपारपासून तिने मला धड बसू दिलेलं नाही.

आज दवाखान्यात माझ्याकडे नांदूरघाटची एक ऊसतोड बाई आली होती. ताप, कोरडा खोकला, दोन पावलं चालली की धाप. सीटी स्कॅन केला तर दोन्ही फुफ्फुसांत, खाली आणि कडेकडेला, थंडीत काचेवर वाफ धरते तशी पांढुरकी झाक. ही चाल बहुतेक विषाणूची. चित्रावरून अंदाजच बांधायचा, नाव नक्की करायला घशातला नमुना लागतो. पण टीबी असा दिसत नाही. तिने माझा हातच धरला. "बाई, टीबी हाय का? खरं सांगा. टीबी म्हणलं की टोळीत कुनी घेत न्हाई." मी म्हटलं, "तसं दिसत नाही. पण घरी जायचं नाही, आधी ऑक्सिजन लावून घ्यायचा." तुम्हाला हे कुणीच म्हटलं नव्हतं.

तो दुष्काळ आठवतो? माजलगावच्या धरणात भेगा पडल्या होत्या, उसाअभावी गाळप लवकर आटोपलं होतं, आणि आपल्या सहकारी कारखान्याच्या दवाखान्यात फिल्म धुवायलाही टँकरची वाट बघावी लागायची. डार्करूमच्या तांबड्या दिव्यात तुम्ही उभे आहात, बाह्या वर सारलेल्या, बोटांना फिल्म पक्की करायच्या हायपोचा आंबट वास. बारावीतली मी, तुमची लेक, तुमचा डबा घेऊन येते, उन्हाने करपलेली, आणि टाकीतलं मगभर पाणी तोंडावर मारते. केवढ्याने ओरडता तुम्ही! "कामून घेतलंस? त्या पान्यात मानसाची छाती धुवायची हाय!" मी रुसते. मग तुम्हीच मला उजेडात नेता आणि एक वाळलेली फिल्म हातात देता. पाणी खारं असलं की वाळलेल्या थेंबाचं कडं उरतं, तांब्यावर उरतं तसं, आणि डॉक्टरला ते फुफ्फुसातलं भोक वाटू शकतं. "तिरपी धर. डाग आसंल तर वर चमकतोय. रोग आसंल तर आतच ऱ्हातोय." डाग दिसला की तुम्ही फिल्म पुन्हा धुवायला घ्यायचात, मग टाकीचा तळ दिसला तरी चालेल.

त्याच उन्हाळ्यात तुम्हाला ताप आला. तुमची फिल्म तुम्हीच धुतलीत, भिंतीला टेकून, तळाशी उरलेल्या गढूळ पाण्यात. मी म्हटलं, टँकर येऊ द्या. "लोकांचं पानी लोकांना. मला एवढं लई झालं." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! वाळली तशी फिल्म डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ती खिडकीसमोर धरली, फुफ्फुसाच्या वरच्या भागातलं गोल कडं पाहिलं, टीबीच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. गोळ्यांचं पाकीट संपायच्या आत तुम्ही गेलात.

तुमच्या फिल्मवरही खालची दोन्हीकडची फिकट झाक मला आता दिसते. तेव्हा असल्या विषाणूवर औषध नसेलही, पण निदान मोठ्या दवाखान्यात नेलं असतं, ऑक्सिजन मिळाला असता. अर्थात कडं खरंच आतलं असेल तर टीबीही होताच आणि डॉक्टर चुकले नाहीत. मग मी गप्प बसेन. पण तो फिल्मवरचा पाण्याचा डागच असेल तर चार मग पाण्यापायी गेलात तुम्ही, आणि मग मला तुमचाच राग येईल, दादा. भांडायला तुम्ही कुठे आहात?

आज घरी आल्या आल्या फिल्म काढली, खिडकीशी नेली. ऊन चांगलं होतं. क्षणभराचं काम. नंतर हे लिहायला बसले. पाठवायचं तरी कुठे, फिल्मच्याच पाकिटात सारते. रोज लोकांच्या छात्या बघून निकाल देते मी. तुमची फिल्म मात्र इतक्या वर्षांत एकदाही तिरपी धरलेली नाही. आजही सरळच धरली.