मागे जाते, पुढे येत नाही

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सीट मागे गेलेली. पार शेवटपर्यंत! दार उघडून बसलो तर स्टिअरिंग कुठल्या कुठे, पाय ब्रेकला पोचेनात. बटण पुढे ढकललं — काही नाही. मागे ढकललं — घर्र, टक्. मागे जायला जागाच उरली नव्हती, तरी जायची तयारी. पुढे म्हटलं की ढिम्म.

वीस-बावीस वेळा दाबल्यावर एकदा दोन बोटं सरकली. मग पुन्हा मौन. शेवटी पाठीशी दोन उशा घालून गाडी काढली. सिग्नलला शेजारच्या मोटारीतली बाई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मागच्या सीटवरचं पोर असंच उशीला टेकवून बसवलेलं होतं.

हिला विचारलं, सीटला कुणी हात लावला का?

"मला कशाला हवी तुमची सीट? मला गाडी येते का?"

खरं आहे. येत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

डॅशबोर्डखाली डोकं घालून फ्यूज काढला. शाबूत. बाहेर आल्यावर सुचलं — मागे जाते म्हणजे फ्यूज शाबूतच असणार. हे डोकं आत घालण्याआधी सुचायला हवं होतं. मान आखडली.

"गाडी नीट होईल, माणूस जायबंदी होईल," ही म्हणाली.

कार्ड केलं. आमच्या शब्दकोशासाठी प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करतो, तसं दोषाचं. "दि. ७. सकाळी सीट पूर्ण मागे. आदल्या दिवशी गाडी वापरलेली नाही." गुरुवारी मी गाडी नेत नाही. कोशाची बैठक गावाबाहेरच्या कचेरीत असते, आणि मला अनुस्वार नेतो. अनुस्वार म्हणजे आमचा सहसंपादक. आकाराने एवढासा, गोल, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसतो.

९ फेब्रुवारी, रविवार

रुळांना ग्रीस लावलं. सदरा गेला. सीट तशीच.

हे काम चिरंजीवांनी दहा मिनिटांत केलं असतं. मोटारीच्या पोटात हात घालायला त्याला पुस्तिका कधी लागली नाही. भांडण त्यावरूनच. शेवटच्या वर्षाची परीक्षा सोडून बसवर ड्रायव्हर झाला. "चाक धरायला वाढवलं का तुला?" असं मी म्हणालो. आणखीही म्हणालो — माझ्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही. ते ऐकून त्याने खिशातली जादा किल्ली टेबलावर ठेवली. आवाज न करता. तीन वर्षं झाली. त्यानंतर एक शब्द नाही.

आहे याच शहरात. त्याची बस मला दोनदा दिसली. दोन्ही वेळा मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सीट जागेवर. काल तासभर बटण दाबून रेंगत रेंगत पुढे आणली होती, तिथेच आहे. स्वतःहून मागे गेलेली नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा! पार मागे. बावीस मिनिटं बटण दाबत बसलो. अंगठा सुजला. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर जिना उतरताना थांबले. "बिघाड?" "सीट." "माझी गाडी बघा, सगळं हाताने. कटकट नाही." दुसऱ्याच्या बिघाडावर माणसं किती प्रसन्न होतात!

१५ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं. ऊन!

कार्डं शेजारी शेजारी मांडली. दोन्ही वेळा शुक्रवार सकाळ. म्हणजे दोष गुरुवारचा. कामाच्या इतर दिवशी गाडी शहरातल्या कचेरीच्या तळघरात असते. गुरुवारी दिवसभर घरासमोर, उन्हात. प्लास्टिक तापतं, फुगतं, बटण आत अडकतं, सीट आपोआप मागे जाते. कागदावर आकृती काढून हिला समजावलं. हिने पूर्ण ऐकून घेतलं.

"असेल. ऊनच असेल."

तीस वर्षांत माझं म्हणणं तिला इतक्या लवकर कधी पटलेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गाडी झाडाखाली लावून निघालो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सावलीत होती. सीट मागे. सिद्धांत गेला.

उशा लावून बसलो, आरशात बघितलं तर गाडीचं छत. आरसा वर वळवलेला. आरसा विजेवर चालत नाही. हे कार्डावर लिहिलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चैन नाही. दोनदा खाली जाऊन गाडीपाशी उभा राहिलो. काही केलं नाही. वर आलो. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा ही म्हणाली, "खालीच अंथरूण टाकून देऊ का?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

पेट्रोलपंपामागे एक वायरिंगवाला आहे. चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. मी कार्डं पुढे केली. त्याने ती माझ्या हातातच राहू दिली आणि बटण एकदा पुढे, एकदा मागे दाबलं.

"मोटर एकच असते साहेब. करंट उलटा दिला की उलटी फिरते. मागे जाते म्हणजे मोटर ठणठणीत. फ्यूज काढून बघितला असेल तुम्ही?"

"बघितला."

"ग्रीस?"

"लावलं."

"सगळे लावतात."

स्वीच उघडून तळहातावर ठेवला. आत तांब्याच्या दोन टिकल्या. एक लाल, एक काळीठिक्कर. "हा पुढचा पॉइंट. जळाला. रूळ पुढे चढाचा असतो, पुढे यायला जोर लागतो, म्हणून हाच आधी जातो." मग चष्मा कपाळावर नेला. "घरात दोघं चालवतात ना? एक उंच असणार. आणि एक तुम्ही."

"मी एकटाच."

"एकट्याच्या गाडीत हे बटण धूळ खातं साहेब. सीट एकदा लावली की लावली. हे तर झिजलंय. पार मागे, पार पुढे, पार मागे, पार पुढे. वर्षभर तरी."

"उन्हामुळे—"

"ऊन सीट ढकलत नाही."

पॉलिश पेपरने काळी टिकली घासून दिली. आठ-दहा दिवस निघतील म्हणाला. भंगारात तसला स्वीच मिळाला तर फोन करणार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

या घरातलं उंच माणूस एकच. दारातून येताना मान खाली घालायचा. सोळाव्या वर्षापासून.

वर्षभर. म्हणजे दर गुरुवारी सीट मागे जायची आणि मी यायच्या आत पुढे यायची. मला पत्ता नाही. टिकली जळली नसती तर आणखी दहा वर्षं पत्ता लागला नसता.

हिला विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बैठकीत लक्ष नाही. एका क्रियापदाच्या अर्थांचा क्रम ठरवायचा होता, दोन तास गेले, ठरला नाही. खुर्चीत मागेपुढे होत होतो.

"खुर्चीला खिळा आहे का हो?" अनुस्वार. सगळे हसले.

दोन वाजता उठलो. दारापर्यंत गेलो. आता घरी गेलो तर गाडी जागेवर नसेल. मग काय करायचं, रिकाम्या जागेत उभं राहायचं? परत येऊन बसलो. "मिळाला का खिळा?" पुन्हा हसले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सीट जागेवर. आरसा जागेवर.

सोमवारी मी रुळावर पेन्सिलीने खूण केली होती. खुणेपासून केसाचाही फरक नाही! बटण चालू झाल्याबरोबर पुन्हा पहिल्यासारखं. इतक्या निगुतीने मला आजवर कुणी फसवलेलं नाही.

संध्याकाळी विचारलंच. ही वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काल कुठे गेला होतात?"

एकवचनात विचारणार होतो. तोंडातून अनेकवचन गेलं. तिच्या हातातली घडी थांबली नाही.

"कुठे नाही. तासभर फिरतो. त्याला गुरुवारी सुट्टी असते."

"माझ्या गाडीतून?"

"मग कशातून? त्याच्याकडे मोटरसायकल आहे. माझा गुडघा जातो का पलीकडे? आणि त्याच्या बसमध्ये बसले तर त्याच्याशी बोलता येत नाही. तशी पाटीच लावलेली असते."

"मी त्याला हात लावू नको म्हणालो होतो."

"त्याला पाठ आहे ते. पहिल्या दिवशी किल्ली घेईना. बाबांनी नको म्हटलंय म्हणे. मी म्हटलं, बाबांचं बाबांपाशी. मी आई आहे, मी सांगते, चालव."

"आणि सीट?"

"तोच आणायचा पुढे. उतरून, वाकून, डोळा लावून बघायचा. मी म्हणायची, पुरे रे, दोन बोटांनी काय होतंय. तर म्हणायचा, बाबांची कंबर धरते."

ढिगातला एक टॉवेल उचलून मी घडी घालायला घेतली.

"मध्ये ते बटण बिघडलं, तर बिचारा रडकुंडीला आला. पाऊण तास दाबत होता. दुरुस्त करून टाकतो म्हणाला, मी म्हटलं नको, बाबांना कळेल. आणि तुम्ही ऊन घेऊन बसलात! आकृती काढून!"

हसायला लागली. हातातली चादर तोंडाला लावून हसली. मग चादर तोंडावरून काढली तेव्हा हसत नव्हती.

"वर्ष झालं. एका गुरुवारी तरी लवकर याल वाटायचं."

१ मार्च, शनिवार

अबोला. माझ्याकडून. ही नेहमीसारखी बोलते, मी हूं म्हणतो.

अपमान झाल्यासारखं वाटतं. पण कोणी केला, ते काही हाती लागत नाही. माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे, माझी कंबर सांभाळली गेली. याची तक्रार कुणाकडे करायची!

२ मार्च, रविवार

दोघं काय बोलत असतील तासभर?

हिला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. ती आपणहून म्हणाली, "त्याला कंपनीने लांबच्या गाडीवर घेतलंय. महिनाअखेर जाईल. मग तिकडेच मुक्काम. घरी यायचं म्हटलं तर सणासुदीला, तेही घर असलं तर."

मी वर्तमानपत्र वाचत होतो. तेच पान दुपारपर्यंत.

३ मार्च, सोमवार

वायरिंगवाल्याचा फोन. स्वीच मिळाला. दुसऱ्या कुठल्या अपघाताच्या गाडीतला, पण आतून स्वच्छ. बसवायला सात मिनिटं. पुढे — घर्र. मागे — घर्र. लोण्यासारखी.

मग तो म्हणाला, "एक सुचवू का साहेब? तुम्ही एकटेच चालवता ना. सीट तुमच्या मापाला लावा, आणि ही वायर मी काढूनच ठेवतो. मग कुणीही बटण दाबलं तरी सीट हलणार नाही. कायमची कटकट मिटली."

वायर त्याच्या दोन बोटांत. पिवळी, करंगळीहून बारीक. फक्त हो म्हणायचं होतं. मोठं वाक्यही नको. मनात आलं. खोटं कशाला लिहू, चांगलं मिनिटभर मनात राहिलं. गुरुवारी तो दार उघडेल, गुडघे स्टिअरिंगला लागतील, बटण दाबेल, आणि समजेल. मला एक शब्द बोलावा लागणार नाही.

"काढू?"

"नको. जोडा."

"बघा हं."

"घरात चालवणारे दोघं आहेत," मी म्हणालो.

त्याने वायर जोडली. "मग त्या दिवशी नाही का म्हणालात?"

"चुकलं."

४ मार्च, मंगळवार

कचेरीतून येताना मुद्दाम बसच्या थांब्यावरून आलो. त्याची बस नव्हती.

५ मार्च, बुधवार

अनुस्वारला फोन केला, उद्या येत नाही.

"तब्येत?"

"बरी आहे."

"मग बैठक कशी बुडवता?"

"गाडीचं काम आहे."

"अजून ती सीटच का? फुंकून टाका हो ती गाडी!"

हिला सांगितलं नाही. इस्त्रीचा सदरा काढून ठेवला, पुन्हा आत ठेवला, साधा काढला.

६ मार्च, गुरुवार

आधीच जाऊन मागे बसलो, चालकाच्या सीटमागे. ही आली. मला पाहिलं, काही न बोलता पुढे शेजारी बसली. मग तो. मान वाकवून आत आला, आरशाला हात घातला. हात तिथेच राहिला. आरशात मी होतो. मग त्याने बटण दाबलं. सीट मागे येत गेली, माझ्या गुडघ्यांना टेकली, थांबली.

"बाबा, जरा पलीकडे सरका."

सरकलो.