बुडणाऱ्याच्या कमरेची गाठ

४ मे, सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहायचं. रिटायर होऊन तीन महिने झाले. जवाहरनगरचं क्वार्टर सोडून पवनीच्या घरी आलो, पण या गावाला माझा उपयोग अजून कळलेला नाही. छत्तीस वर्षं रेकॉर्ड सेक्शन सांभाळला. मी बांधलेली फाईल कधी आपोआप सुटली नाही.

काल तलाठी प्रविण भेटला. ५ जूनला वैनगंगेच्या घाटावर तहसीलची पुराची रंगीत तालीम आहे. बुडणाऱ्याला दोरानं कसं काढायचं, ते लोकांना शिकवायला गावातला एक मास्टर ट्रेनर हवाय. त्याला ओळखपत्र, नाव छापलेलं जॅकेट, शिवाय तहसीलची नवी फायबर बोट त्याच्याच ताब्यात. नाव कोणाचं गेलंय? तुलारामचं. डोंगा चालवतो, मासे धरतो, सही करताना जीभ बाहेर काढतो. विचारलं, सर्टिफिकेट काय आहे त्याच्याकडे? प्रविण म्हणाला, "त्यानं अकरा माणसं काढली जी पान्यातून." म्हटलं, लेखी आहे का? लेखी कुठेच नाही. माझ्याकडे तीन सर्टिफिकेटं आहेत. एक हिंदी पंधरवड्याच्या निबंधाचं आहे, पण शिक्का गोलच आहे. अर्ज देऊन आलो.

६ मे
मोबाईलवर हिंदी व्हिडिओ पाहिला. गाठीचं नाव बोलाईन. फास जेवढा केला तेवढाच राहतो, ओढला तरी कमरेला आवळत नाही, आणि काम झालं की अंगठ्यानं सुटतो. दोराचं टोक म्हणजे ससा: ससा बिळातून निघतो, झाडाला वळसा घालतो, परत बिळात जातो. बस. वीस मीटर पिवळा नायलॉनचा दोर आणला. पंधरा मिनिटांत संपणारं काम आहे.

६ मे, दुपारी ४
गाठ बसत नाही, खुर्चीचा पाय हलतो. उद्या खाटेच्या पायाला बांधून पाहू.

९ मे
एकूण प्रयत्न ४१. त्यातल्या तीसेक निरगाठी झाल्या, त्या दातांनीही सुटेनात. बाकीच्या ओढल्यावर आवळल्या. बायको मंगला तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुमचा ससा काहून बिळातच मरून राहिला?" बायकांना टेक्निकल विषयात गंमत वाटते.

खरा प्रॉब्लेम लक्षात आला. हात आपोआप फाईलच्या नाडीची गाठ मारतात. छत्तीस वर्षांची सवय. हा अनुभवाचा दोष, म्हणजे दोष नव्हेच.

१३ मे
स्वतःच्या कमरेला बांधून पाहिली आणि दुसरं टोक खिडकीच्या गजाला. मागे झुकलो. आवळली. श्वास घेता येईना, हाकही मारता येईना. मंगलानं विळ्यानं दोर कापला. म्हणाली, "जीव द्यायचा होता त मले आधी सांगाचं, सैपाक एकाचाच केला असता." दोर निकृष्ट आहे. आता सतरा मीटर उरला.

१७ मे
ऑर्डर आली! मास्टर ट्रेनर: श्री. धनंजय, सेवानिवृत्त. तुलारामचं नाव प्रमाणपत्राअभावी कमी केलंय. न्याय उशिरा का होईना, मिळतो.

संध्याकाळी तुलाराम फाटकाशी येऊन उभा राहिला. आत बोलावलं नाही, पाय ओले होते. म्हणाला, "बाबूजी, जाकीट बिकीट तुमालेच राहू द्या. माह्या डोंग्याचा बूड गेला. पान्यात लय झिरपते. रात-बेरात पानी चढलं का बोटीची चाबी तेवढी मले देजा." मी म्हटलं, तसा लेखी अर्ज कर, विचार करू. तो फाटकाला बांधलेल्या माझ्या गाठीकडे पाहत होता. ती गाठ चाचपायला गेला, मी म्हटलं हात नको लावू. गेला.

मंगलानं ताट समोर आदळलं. प्रशासनात भावना आणून चालत नाही, हे तिला कळत नाही.

२२ मे
पहिला वर्ग. बचत गटाच्या चौदा बाया आणि दोन होमगार्ड. गाठीचं महत्त्व, गाठीचे प्रकार, गाठ आणि शिस्त, असं पन्नास मिनिटं फळ्यावर समजावलं. लोक प्रभावित झाले, दोघी झोपल्या. शेवटी रुपा नावाची एक बाई म्हणाली, "सर, बांधून दाखवा न." वेळ संपली होती. तिनं माझाच दोर घेतला, पायाच्या अंगठ्यात अडकवला आणि पापणी लवायच्या आत फास तयार. ओढला, आवळला नाही. अंगठ्यानं ढकलला, सुटला. म्हणे, "बकरीच्या गळ्यात हेच घालतो जी. दुसरी घातली त बकरी फाशी लागून मरते." सगळ्या बाया माना हलवत होत्या. सगळ्यांना येते.

तिला समजावलं की ही अशास्त्रीय पद्धत आहे. गाठ व्हिडिओसारखीच दिसत होती, पण तो योगायोग.

३० मे
प्रात्यक्षिकात बुडणारा माणूस म्हणून होमगार्डला बोलावलं. माझा फास कमरेला घालून घ्यायला तो तयार नाही. दुसराही नाही. भित्रे. ट्रेनरनं स्वतः उदाहरण घालून द्यावं म्हणून मीच पाण्यात उतरणार असं जाहीर केलं. पोहणं येतं. १९८३ साली तलावात पोहलो होतो, काठाकाठानं.

४ जून
सराव रद्द, खोकला आहे. उद्या ऐनवेळी घाई नको म्हणून फास आजच घरी बांधून ठेवला. समोरून अगदी व्हिडिओसारखा दिसतो. मागची बाजू कोण पाहतो?

५ जून, संध्याकाळी
तालीम झाली. तहसीलदार होते, दोनशे लोक होते. फास कमरेला घातला, छातीभर पाण्यात गेलो, हात वर करून इशारा दिला. काठावरून होमगार्डनं दोर ओढला. फास सर्रकन सुटला. गाठ सोडायला सोपी आहे, एवढं तरी सिद्ध झालं.

तोल जाऊन मागे गेलो, तिथं पायाखाली वाळू नव्हती.

हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. भीती वाटली. फार भीती वाटली. तोंडात पाणी, कानात पाणी, आणि काठावर लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं हाच कार्यक्रम. मी मंगलाचं नाव घेतलं, ते पाण्यातच राहिलं. मग कोणीतरी मागून काखेत हात घातला. तुलाराम. पाण्यातच, एका हातानं, त्यानं माझ्या छातीभोवती दोर बांधला. ओढताना तो आवळला नाही. काठावर आल्यावर त्यानं अंगठ्यानं गाठ सोडली आणि आपल्या डोंग्यातलं पाणी डब्यानं उपसायला निघून गेला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

६ जून
ताप. मंगलानं कपाळावर पट्टी ठेवली. काल ती घाटावर आली होती, हे मला माहीत नव्हतं. डोळे सुजलेत तिचे. विचारलं तर म्हणाली, "कांदे कापले."

तुलारामच्या निवडीची शिफारस मीच करायचं ठरवलं. तसा ड्राफ्ट डोक्यात तयार आहे.

११ जून
ड्राफ्टची गरज पडली नाही. प्रविण नवी ऑर्डर घेऊन आला. मास्टर ट्रेनर तुलाराम, बोट त्याच्या ताब्यात, चावी कालच दिली. प्रमाणपत्राची अट शिथिल. खाली माझंही नाव आहे. तहसीलदारांना पाच तारखेचं प्रात्यक्षिक फार आवडलं, इतकं अस्सल बुडणं त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे. सबब यापुढील प्रत्येक तालमीसाठी श्री. धनंजय यांची नेमणूक 'बुडणारी व्यक्ती' या भूमिकेसाठी करण्यात येत आहे.

ओळखपत्र मिळेल का, विचारलं. प्रविण म्हणाला, "बुडनाऱ्याले कार्ड नसते जी." जॅकेट? "जाकीट घातलं त बुडान कसे?"

मंगलानं चष्मा लावून ऑर्डर दोनदा वाचली. म्हणाली, "चला, जे जमते ते काम तरी भेटलं."

सही कुठे करायची ते प्रविणनं बोटानं दाखवलं.