दुखणाऱ्यांची यादी

१२ फेब्रुवारी १९७३. सुपा, मामाकडे
...म्हणूनच सँपल दोनशेचं नको, पाचशेचंच घ्यायचं. साध्यासुध्या लोकांत किती जणांना तीन महिन्यांहून जास्त दुखतंय, हा आकडा आपल्याकडे कुणीच काढलेला नाही, असं सर म्हणाले. मी काढणार. रोज चाळीस फॉर्म. खाली सही 'डॉ.' लावूनच करतो. डॉक्टर व्हायला दोनच वर्षं तर राहिलीत.

१३ फेब्रु.
पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर गेलो. तीनशे माणसं एकाच जागी, घरोघर हिंडायला नको. ब्रिलियंट. चाळीस जणांना विचारलं, काही दुखतंय? खडी फोडता फोडता चाळीसही म्हणाले, न्हाई.

१४ फेब्रु.
आणखी चाळीस. न्हाई. सहादू नावाचे म्हातारे डाव्या हातानं खडी फोडत होते. उजवा का नाही, विचारलं. म्हणाले, त्याची आज सुट्टी हाय. फॉर्मवर 'नाही' लिहिलं. वैताग.

१५ फेब्रु.
मामाच्या सायकलनं माझी कंबर धरली. गेलो नाही. रेस्ट हीसुद्धा ट्रीटमेंटच.

१६ फेब्रु.
रेस्ट.

१७ फेब्रु. संध्याकाळ
अडतीस फॉर्म, आणि शेवटी एक केस! छबूबाई, मातीच्या पाट्या वाहते. मुकादम जेवायला गेल्यावर हळूच म्हणाली, दोन वर्षं झाली, कंबर दुखते, कूस बदलता येत नाही. मी 'एक्सलंट' म्हणालो. कुणाला सांगू नका म्हणाली. अर्थात. सर्व्हे कॉन्फिडेन्शियल असतो. म्हणून तर सगळे फॉर्म मुकादम आप्पासाहेबांच्या पेटीत ठेवले. पेटीला कुलूप आहे.

१९ फेब्रु.
छबूबाई कामावर नाही. सहादूंनी सांगितलं, आप्पासाहेबांनी फॉर्म वाचून मस्टरमधून तिचं नाव काढलं. मी त्यांना सायन्स समजावलं. म्हणाले, डॉक्टरच्या सहीचा कागद हाय, मी काय करू. मी अजून डॉक्टर नाही, हे सांगायचं राहिलं.

२० फेब्रु.
तिच्या घरी गेलो. शिव्या देईल वाटलं. कोरा चहा दिला. घरात खाणारी चार, कामावर ती एकटी. म्हणाली, "डाक्टर, तुमीच लिव्हलं, तुमीच खोडा. मला काई दुखत न्हाई."
कंबर दुखते ना पण? मी विचारलं.
"दुखल की आता. बसून."

२१ फेब्रु.
नवा फॉर्म भरला. दुखणं: नाही. खाली सही, पुन्हा 'डॉ.' लावून. आप्पासाहेबांनी तिला लगेच घेतलं. पाटी घेऊन माझ्यापुढून गेली, एक हात कंबरेवर. मुकादम दिसला तसा हात काढला.
एकूण फॉर्म एकशे अठरा. दुखणारे शून्य. माझी कंबर धरतो म्हटलं तर दुखणं आठवड्याचंच, तीन महिन्यांच्या नियमात बसत नाही.
सर आकड्याची वाट बघतायत. शून्य टक्के. प्रत्येकाच्या तोंडून घेतलेला, प्रत्येक फॉर्मवर सही असलेला. पाठवू का? ही वही वाचणाऱ्यांनो, तुम्हाला काय वाटतं?