पांढरे पाय माझे

२ नोव्हेंबर, सकाळी
नवी वही. तेव्हा आधी सगळ्यांची विचारपूस. उजवा गुडघा: बरा आहे. डावा: कुरकुरतो, पण मनाने चांगला. कंबर: परवा बादली उचलल्यापासून अबोला. पोट: आहे. डोळे: चष्म्यासकट उत्तम. ही: ठणठणीत. सूनबाई: ठणठणीत, फक्त माझ्यावर नजर जरा जास्त. एकंदरीत मंडळी मोहिमेला तयार.
मोहीम अशी. पुढच्या महिन्याच्या १३ तारखेला आमच्या कॉलेजच्या बॅचचं संमेलन. जेवण, बँड आणि शेवटी जोडीचा नाच. सर्वोत्कृष्ट जोडीला बक्षीस. मी हिच्याबरोबर वॉल्ट्झ नाचणार. नक्की.

३ नोव्हेंबर
हा नाच किती वर्षं थकलाय, ते एकदा लिहून टाकतो. ही माझ्याच वर्गात होती. निरोप समारंभाला आम्ही दोघं नाचणार, असं ठरलं होतं. तिने शिकून घेतलं, माझं शिकायचं राहिलं. ऐन वेळी मी पंख्याखाली उभा राहून सगळ्यांचे कोट सांभाळले. फार जबाबदारीचं काम. ही पैलवानाबरोबर नाचली. (पैलवान म्हणजे आमचा वर्गमित्र. तेव्हाही आडवा होता. आता दातांचा डॉक्टर आहे आणि आणखी आडवा.)
लग्न मात्र तिने माझ्याशी केलं. म्हणजे निकाल कोणाच्या बाजूने लागला ते उघड आहे. तरी आजही कुठे बँड वाजला की ही सहज म्हणते, "तुम्ही कोट धरा हं."
कॉलेजात मला 'अरे' म्हणायची. लग्नानंतर 'अहो' झालं. बढतीच म्हणायची.

६ नोव्हेंबर
क्लास लावणार नाही. आयुष्यात मी सगळं पुस्तकातून शिकलो. कुलपांचं दुकान काढलं ते पुस्तक वाचून. टायपिंग पुस्तकातून. पोहणंसुद्धा पुस्तकातून, पाण्यात उतरायचं तेवढं राहिलंय.
लायब्ररीतून नाचाचं पुस्तक आणलं. पानोपानी पावलांचे ठसे, काही पांढरे, काही काळे. पुरुषाचे कोणते आणि बाईचे कोणते, याचा खुलासा पहिल्या पानावर असणार. ते पान कोणीतरी फाडून नेलंय. पण माणसाने डोकं वापरलं तर पान लागत नाही. मी पांढरे मोजे घालतो. ही काळ्या चपला घालते. विषय संपला. पांढरे पाय माझे.

७ नोव्हेंबर
पहाटे उठून पॅसेजमध्ये खडूने ठसे काढले. सुरुवात: उजवा पाय मागे. सोपं आहे! स्कूटर रिव्हर्स घेण्यात माझा हात कोणी धरलेला नाही.
आठ वाजता सूनबाईने फरशी पुसली. तिसऱ्या पावलापासून पुढचा वॉल्ट्झ बादलीत गेला. तिला शांतपणे सांगितलं, की ही विद्या आहे. ती म्हणाली, "बाबा, विद्या आहे तर भिंतीवर काढा." शिवाय म्हणते, घरभर पांढरे पाय उमटलेले बरे दिसत नाहीत. शिकलेली मुलगी, पण मनात काय काय असतं.

१२ नोव्हेंबर
जोडीदार म्हणून इस्त्रीचं टेबल घेतलं. उंची बरोबर, वजन बेताचं, उलट बोलत नाही. दोन फेऱ्या निर्विघ्न. तिसरीत त्याने पाय मिटून घेतले. चूक सर्वस्वी टेबलाची. डाव्या अंगठ्याला बर्फ.

१५ नोव्हेंबर
ही दारात उभी राहून बघत होती. किती वेळ, कोण जाणे. म्हणाली, "अहो, एकदा घरातच दोघांनी करून बघू या का?" स्पष्ट नाही म्हटलं. सरप्राइज फुटेल. मग तिने विचारलं, "पण तुम्ही सारखे मागे का जाता?" मी म्हटलं, "पुस्तकात तसं आहे." पुस्तकापुढे ती काय बोलणार! "बरं" म्हणून आत गेली. जाताना काहीतरी गुणगुणत होती. त्याच निरोपाच्या दिवसाची चाल. म्हणजे तयारी तिकडेही आहे.

२० नोव्हेंबर, दुकान
गिऱ्हाईक नाही बघून सराव. मागे, बाजूला, जुळव. मागे, बाजूला... आणि पाठीमागे किल्ल्यांचा फळा. सगळ्या किल्ल्या खाली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलंच. म्हणाले, "काका, माझी यातलीच ना?" मी म्हटलं, "यातलीच. बसा." बसले बिचारे. चहा दोनदा पाजला.
निश्चय: दुकानात नाचायचं नाही.

२१ नोव्हेंबर, दुकान
नाचलो. पण फळ्यापासून लांब.

१ डिसेंबर
आता ताल अंगात भिनलाय. बसस्टॉपवर उभा असतानाही उजवा पाय आपोआप मागे जातो. मागच्या बाईंनी दोनदा रोखून बघितलं. कलेचा प्रभाव.
ग्रुपवर लिहून टाकलं: "यंदा कोट दुसऱ्या कोणीतरी सांभाळावेत." पैलवानाचं उत्तर आलं: "बायको पायाला प्लॅस्टर घालून सोफ्यावर आहे. मी एकटाच येतोय. कोट मी धरतो, तू नाच." शेवटी माणसाला आपली जागा कळते.

१२ डिसेंबर
कोट इस्त्री केला, सतरंजीवर, कारण टेबल अजून दुखावलेलं आहे. नवे पांढरे मोजे आणले. हिने कपाटातून निळी साडी काढली, अंगावर धरून बघितली, आणि मला विचारलं, "उद्या नक्की ना?" मी म्हटलं, "डोळे मिटून माझ्यावर सोड." तिने क्षणभर खरंच डोळे मिटले. मला एकदम घाम फुटला. बहुधा खिडकी बंद असल्यामुळे.

१४ डिसेंबर, सकाळी
सविस्तर लिहायची गरज नाही. थोडक्यात लिहितो.
जेवण छान. मॉनिटरबाईंनी (तेव्हा वर्गाच्या मॉनिटर होत्या, अजून उतरलेल्या नाहीत) शिट्टी वाजवून जोड्या मैदानात बोलावल्या. मी कोट काढून पैलवानाकडे दिला. अर्ध्यावर जाऊन चष्मापण देऊन आलो. हिचे हात हातात घेतले. हात गार होते तिचे. बँड सुरू.
मी उजवा पाय मागे टाकला. हिनेही उजवा पाय मागे टाकला.
मी मागे, ही मागे. हात ताणले गेले. चादर झटकायला दोघांनी दोन टोकं धरावीत तसे आम्ही उभे. मी हळूच म्हटलं, "पुढे ये." ही म्हणाली, "पुरुषाने यायचं असतं." मी म्हटलं, "पुस्तकात नाही तसं." पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चादर. तिसऱ्या वेळी हात सुटले.
आता सांगायचं म्हणजे पाय तालात इतके मुरलेले, की ते थांबेनात. मी एकटाच मागे, बाजूला, जुळव करत हॉलभर निघालो. चष्मा नाही. कोणीतरी "अरे, बाजूला व्हा!" ओरडलं. मी पाठीने कशावर तरी आदळलो. मऊ होतं. पैलवान.
त्याने सगळे कोट खुर्चीवर टाकले, मला सरळ केलं आणि डावा पाय पुढे टाकला. माझा उजवा मागे गेला. त्याचा पुढे, माझा मागे. फिरलो, वळलो, दिव्याखालून गेलो. मान्य केलं पाहिजे, माणूस वजनाला जड पण पावलाला हलका. बाकी जोड्या कडेला सरकल्या. टाळ्या. कोणीतरी रडत होतं. हसून, असं नंतर कळलं.
बक्षीस आम्हालाच. दोन कप, एकावर 'तो', एकावर 'ती'. मॉनिटरबाईंनी विचारलंसुद्धा नाही. मला 'ती' दिला. घाईत चुकून झालं असावं.
वळून बघितलं तर खुर्चीजवळ ही उभी. निळी साडी, आणि दोन्ही हातांवर सगळ्यांचे कोट.
हसत होती सगळ्यांबरोबर. टॅक्सीत मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इतकी वर्षं थांबले. आणि नाचलात कोणाबरोबर, तर त्याच्याच."

१५ डिसेंबर
पुस्तकाच्या प्रकाशकाला कडक पत्र लिहिणार. खुलासा प्रत्येक पानावर हवा.
व्हिडिओ ग्रुपवर फिरतोय. सूनबाईने बघितला. तिला ठसका लागला, पाणी दिलं.
ही दिवसभर कामापुरतं बोलली. चहा मला 'ती' कपातून.

१७ डिसेंबर
ठरवलं, काळे पाय शिकायचे. पॅसेजमध्ये उभा राहिलो, डावा पाय पुढे टाकायचा म्हणून मनाशी घट्ट बोललो. उजवा मागे गेला. पुन्हा बोललो. पुन्हा मागे. डावा गुडघा म्हणतो, आता या वयात शाळा बदलणार नाही. पायरीवर बसून राहिलो. विश्रांती घेत होतो, दुसरं काही नाही.
ही आली. पुस्तक उचललं, पानं उलटली. म्हणाली, "तुमचं नाही सुटायचं ते. खडू कुठंय?"

२० डिसेंबर
हिने स्वयंपाकघरात काळे पाय कोळशाने काढले. सूनबाईने पुसले नाहीत. (नोंद: मी काढले की पुसते.) अखेर ही माझ्याकडून शिकायला तयार झाली. अजून कच्ची आहे. मला फ्रीजवर नेऊन आपटलं, मग ओट्यावर. मी मोठ्या मनाने पुन्हा जागेवर येऊन उभा राहिलो. पण जेवणाच्या टेबलाला एक पूर्ण फेरी झाली. हिचा पुढे, माझा मागे. मी सवयीने खाली बघत होतो तर म्हणते कशी, "अरे, पायाकडे काय बघतोस? माझ्याकडे बघ."
बघितलं.
बढती गेली. हरकत नाही.

२१ डिसेंबर
पैलवानाला पाठवायचा मजकूर, आधी इथे कच्चा:
"प्रिय पैलवान, वहिनींचा पाय कसा आहे? प्लॅस्टर निघालं का? तुझी कंबर? माझ्या कोटाच्या बाहीला आइस्क्रीम लागलंय, तू तेव्हा काय खात होतास? पुढच्या वर्षी मला धरू नकोस, मी आधीच ठरलेला आहे. आणि बक्षिसातला तुझ्याकडचा 'तो' कप पाठवून दे. मला नकोय. ही मागतेय. उत्तर लवकर लिही, ती रोज विचारते."