केटुराने न केलेली खूण

प्रिय ड्वाइट,

तुझा लिफाफा मंगळवारी मिळाला. आत दोन कागद निघाले: पूर्वजाच्या थडग्याच्या दगडावर कोरायचा मजकूर, आणि आपली टेकडी विकायचा कागद. मजकुराबद्दल तू लिहिलंस, ‘जुन्या नोंदी तू बघून घे, म्हणजे डेकोरेशनच्या रविवारी थडग्यांवर फुलं वाहताना कुणी नाक मुरडायला नको.’ टेकडीच्या कागदाबद्दल एक अक्षर नाही. नुसती माझ्या सहीच्या जागी पेन्सिलची रेघ. मी चिडले आहे, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला ओळींमध्ये शोधत बसायला नको.

‘कॅप्टन एल्केना स्टॅलर्ड, या खोऱ्यातला पहिला रहिवासी. त्याने एकट्याच्या बळावर अरण्य तोडून ही भूमी मिळवली.’ याच वाक्यावर आपण दोघं भावंडं वाढलो. आजोबा ही गोष्ट सांगताना दर वर्षी त्यात एक अस्वल वाढवायचे. मलाही ती खरी वाटायची, म्हणून तर मी हौसेने कामाला लागले. तीन आठवडे कोर्टाच्या तळघरात धूळ खाल्ली. तिथली ओमा जीन मला जुनी बाडं काढून द्यायची आणि वर शेरेही मारायची. पलटणीच्या यादीत एल्केना सापडला तेव्हा ती खो खो हसली. म्हणाली, “अगं लोरीन, कसला कॅप्टन नि काय! तुझा हा पणजोबाचा पणजोबा साधा शिपाई होता, नि कवायतीला दांडी मारली म्हणून दंड झालाय त्याला. तोही दोनदा!” मीही हसले. तोवर मला राग आलेला नव्हता.

राग आला तो कराच्या याद्या वाचताना. एल्केना आहे, त्याचे घोडे आहेत, गुरं आहेत, सगळी मोजून. बायको कुठेच नाही. आपल्या घरात तिचं नाव कधी कुणी घेतलं नाही, आणि मला वाटायचं ते कुणाला ठाऊकच नसेल. ते होतं, ड्वाइट. एका शेजाऱ्याने बांधाच्या भांडणात शपथेवर दिलेल्या साक्षीत होतं. केटुरा. तुला माहीत आहेच, तेव्हा इथे जो मका पिकवून दाखवेल त्याला चारशे एकर मिळायचे. तो शेजारी सांगतो, ‘मी आलो तेव्हा स्टॅलर्डची बायको मका खुरपत होती, पोर पाठीला बांधलेलं. नवरा मीठ आणायला डोंगरापलीकडे गेला होता. तो दोन उन्हाळ्यांनी परतला.’ दोन उन्हाळे, ड्वाइट! मिठासाठी! पीक तिने काढलं, कोल्ह्या-अस्वलांपासून तिने राखलं, आणि चारशे एकर लागले त्याच्या नावावर. मी त्या तळघरात मोठ्याने शिवी हासडली. ओमा जीन म्हणाली, “हळू गं बाई, वर न्यायाधीश बसलेत.” मी म्हटलं, “बसू देत. त्यांनीही ऐकावं.”

पुढचं तर ऐकच. वीस वर्षांनी एल्केनाने सगळी जमीन विकायला काढली. त्याला मिझुरीकडची नवी जमीन खुणावत होती. पण बायकोचा हक्क सुटल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावेना, म्हणून दोन पंच घोड्यावरून घरी आले. तेव्हाची रीत अशी, की नवऱ्याला बाहेर काढायचं आणि बायकोला एकटीला विचारायचं: तू हे राजीखुशीने सोडतेस का, की कुणी धाक घातलाय? इतर बायकांच्या कागदांखाली सहीऐवजी रांगेने फुल्या आहेत. हिच्या कागदावर पंचांनी लिहिलंय, ‘सदर स्त्री म्हणते, झऱ्याची बाजू आणि टेकडी ती देणार नाही.’ खाली जागा कोरी. तिला लिहिता येत नव्हतं, पण फुलीही तिने मारली नाही. गिऱ्हाइकाने तेवढा तुकडा सोडून उरलेली घेतली. एल्केना मिझुरीला गेला तो तिकडेच मेला. त्याचा दफनाचा दाखला मी मागवून घेतलाय. पुढच्या खानेसुमारीत कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव पहिल्यांदा लागलं, कारण लावायला पुरुष उरला नव्हता.

म्हणजे दर वर्षी मक्याची भाकरी आणि गोड पाईंची टेबलं मांडायच्या आधी आपण टेकडीवरच्या ज्या बिननावाच्या दगडावर फुलं वाहतो, टोपी काढून ‘कॅप्टन’ म्हणतो, तो तिचा आहे. दोनशे वर्षं आपण तिच्या छातीवर उभं राहून त्याची आरती ओवाळतोय. मला याची लाज वाटते. दगड घडवणाऱ्याला मी कळवलंय: नाव केटुराचं, आणि खाली ‘हिने मका पिकवला, हिने टेकडी राखली.’ एल्केनाचा दगड हवा असेल तर मिझुरीत बसव.

आता खरं सांगते. बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात तू खालच्या शेतावरचा हक्क सोडायचा कागद माझ्यापुढे सरकवलास. तुझी बायको पॅट्सी ताटं मांडत होती. तू म्हणालास, “लोरी, सही कर पटकन, सगळे जेवायला खोळंबलेत.” मी केली. वाचलंही नाही. त्या शेतात आता तुझी भाड्याची घरं आहेत, त्याबद्दल मी अकरा वर्षं तुला काही बोलले नाही, आणि तू समजलास की मला काही वाटत नाही. मला वाटतं. दर रविवारी चर्चला जाताना त्या वळणावर मी मान फिरवते. मला कुणी बाजूला घेऊन विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून या वेळी न विचारताच सांगते: टेकडी मी देणार नाही. माझ्या सहीची जागा कोरी ठेवून कागद परत पाठवतेय. त्यावर तुझ्या सहीखाली पॅट्सीची सही मात्र आधीच आहे, आणि ती कशी झाली असेल ते मला चांगलं ठाऊक आहे. शनिवारी मी तिला एकटीला भेटायला येतेय. तेवढा वेळ तू घराबाहेर राहा.

रागावलेली, तरी तुझीच,
लोरीन