टाकीतले कयाधूचे दगड

अण्णा, तुमचा पॅरट मासा जेवत नाही, आणि तो जेवत नाही म्हणून आईही जेवत नाही. मी काय करू ते सांगा. तुम्हाला सांगता येत असतं तर हे लिहायची पाळीच आली नसती, कळतंय मला, पण हिंगोलीतल्या या घरात मी दुसरं विचारू कोणाला? आईचं जेवण कायम तुमच्या मागं. इथल्या जवळच्या गोरेगावचा फोटो स्टुडिओ बंद करून तुम्ही कितीही उशिरा या, तुमच्या ताटात भाकर पडल्याशिवाय ती स्वतःचं ताट घ्यायची नाही. तुम्ही गेलात आणि ती सवय तिनं उचलून या टाकीपाशी आणून ठेवली. आधी माशांना दाणे टाकायचे, त्यांनी खाल्लेलं बघायचं, मग आपण. इतकी वर्षं मला त्याचं कौतुकच वाटायचं, चारचौघींत हसून सांगायचे मी. आता आग लागो त्या कौतुकाला.

दोन होते ना ते, नारंगी, फुगीर, तोंड कधी पुरतं न मिटणारे. त्यातला एक पावसाळा सरता सरता गेला. तेव्हापासून उरलेला तुम्ही रचलेल्या दगडांच्या कपारीत तोंड घालून बसून असतो. दाणे तरंगतात, मग तळाशी जाऊन मऊ पडतात, मी ते नळीनं ओढून काढते. तिकडं आई ताट झाकून ठेवते. साखर उतरवायची गोळी मात्र वेळेवर घेते, अगदी बराबर! परवा स्वयंपाकघरात चक्कर येऊन ओट्याला धरत धरत खाली बसली. डॉक्टर माझ्यावर खेकसले, मी तिच्यावर. म्हटलं, "माशापायी जीव देऊन राहिली का तू?" तर म्हणते कशी, "त्याला सोबत आण. एकट्याला घास गोड लागंना त्याला."

आणली सोबत. नांदेडला गेले आणि घाईघाईत एंजल मासा घेऊन आले, लांब झालरीच्या परांचा. त्याच दुकानात तुम्ही मला झापलं होतं, आठवतं? मी काचेवर बोट ठेवत चालले आहे, हा निळा द्या, तो पट्ट्यांचा द्या, आणि तुम्ही दुकानदारासमोरच म्हणताय, "मासे घेऊन राहिली का साडी? आधी तोंड बघ कुणाचं केवढं हाय, मंग स्वभाव, रंग शेवटी." दुकानदार खो खो हसला आणि मी नांदेड ते हिंगोली तुमच्याशी बोलले नाही. एवढं पाठ असून मी एंजल आणला. संध्याकाळपर्यंत त्याच्या झालरीच्या चिंध्या झाल्या, सकाळी तो उलटा तरंगत होता. मग म्हटलं याच्याच जातीचा आणू. तसाच नारंगी, तेवढाच पॅरट आणला. त्याला तर यानं काचेला दाबून दाबून हाणलं. खायला तोंड उघडत नाही आणि चावायला बरं उघडतं, मेल्याचं! तो नवा आता न्हाणीत बादलीत आहे, हवेची नळी सोडून ठेवली आहे त्याला.

उपाय मला माहीत आहे, अण्णा, तीच तर तकलीफ आहे. नवा मासा सोडायच्या दिवशी तुम्ही टाकीतले सगळे दगड बाहेर काढायचात आणि वेगळ्याच तऱ्हेनं मांडायचात. म्हणायचात, "जुन्याचं घर मोडलं का त्योबी नवाच व्हतो. मंग दोघंबी जागा हुडकत बसतेत, भांडायला सवड न्हाई." पण तुम्ही गेल्यापासून ही मांडणी कोणी मोडलेली नाही. मी नुसतं नाव काढलं तर आई अंगावर आली. "दगडाला हात लावायचा न्हाई. त्याह्यनी ठिवलेत." ते दगड तुम्ही आणलेत ती दुपार मलाही दिसते. कयाधू नदीत घोट्याएवढं पाणी आहे, तुम्ही पँट दुमडून दगड निवडताय, एकेकावर लिंबू पिळताय, फेस आला की तो फेकून देताय, "ह्यो पाणी बिघडवतो" म्हणत. आई काठावर ओच्यात लिंबं धरून हसून हसून बेजार झाली आहे. तिला मी काय सांगू की ते मोड?

इथवर लिहिलं आणि उठले. ती आत आडवी झाली होती, सकाळपासून पोटात नुसता चहा. बाही वर केली आणि एकेक दगड काढून फरशीवर ठेवला. पॅरट उघडा पडला, वेड्यासारखा फिरायला लागला. मागं वळते तर आई दारात उभी. म्हटलं, आता संपलं. पण ती ओरडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "काहून गं?" मला रडूच फुटलं. म्हटलं, "तू मरशील ना आई, अशानं." ती फरशीवरचं पाणी बघत राहिली. "त्येबी असंच घरभर वल्लं करायचे," म्हणाली. मग एक दगड मांडीवर घेतला, पदरानं पुसला. "ह्यो उभा ठिव. त्याह्यला आडवा पायजे व्हता. मला उभाच आवडायचा."

तिच्या सांगण्यानं सगळे दगड लावले आणि नव्याला सोडलं. दोघं एकमेकांना ओलांडून जागा हुंगत फिरत राहिले, भांडण नाही. मी दाणे टाकले. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिला टाकीत नारंगी हललेलं दिसतं, कोण ते दिसत नाही. तिनं विचारलं, "खाल्लं का त्यानं?" मी म्हटलं, "खाल्लं." मग तिनं ताटावरचं झाकण काढलं, अर्धी भाकर खाल्ली, वर लोणचंही मागितलं.

टाकीचं स्टँड अजून एका पायानं डुगडुगतं. तुम्ही तिथं कॅलेंडरच्या पानाची घडी घालायचात, ती पाण्यानं सडली. त्या जागी आता हा कागद घालते. खाल्लं ते नव्यानं, अण्णा. जुना कोपऱ्यातच आहे आणि उद्या दुपारी ती पुन्हा विचारणार आहे. तिला सांगू नका.